इम्प्लांटच्या आधी हाड भरताना : दात काढण्याच्या दिवसापासून स्क्रू बसेपर्यंत

दाढ काढून तीन-चार वर्षे उलटल्यावर इम्प्लांटसाठी, म्हणजे कृत्रिम दाताला मूळ म्हणून हाडात स्क्रू बसवून घेण्यासाठी, दवाखान्यात आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत बहुधा एक वाक्य ऐकावे लागते : ‘हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट करावे लागेल.’ ग्राफ्ट म्हणजे कमी पडलेल्या हाडाची भर. हाड नेमके किती कमी आहे, ते गेले कुठे, भरायचे तर कशाने, आणि त्यासाठी किती महिने थांबायचे, हे त्याला विचारायचे असते. पण खुर्चीवर आडवे पडून तोंड उघडे ठेवलेल्या स्थितीत असे प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी विचारता येत नाहीत. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बरीच वर्षे काढल्यानंतर त्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने लिहावीत, म्हणून हा लेख लिहीत आहे. वाचणाऱ्याने आपल्या डॉक्टरांशी बोलताना तो शेजारी ठेवावा. त्यांच्या तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

हाड जाते कुठे

जबड्याच्या हाडाचा जो वरचा भाग दातांची मुळे धरून ठेवतो, तो दातांसाठीच असतो. दात गेला की त्या भागाचे काम संपते आणि शरीर तो हळूहळू काढून घेते. दाताच्या बाहेरच्या, म्हणजे ओठाच्या किंवा गालाच्या बाजूची हाडाची भिंत मुळातच पातळ असते. वरच्या पुढच्या दातांवर ती पुष्कळदा एक मिलिमीटरही भरत नाही. या भिंतीच्या आतल्या थराचा रक्तपुरवठा दाताभोवतीच्या तंतूंमधून येत असल्यामुळे दात निघताच तो थर उपाशी पडतो. दात काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी साडेतीन ते चार मिलिमीटरने आणि उंची एक ते दीड मिलिमीटरने घटते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. आरशासमोर उभे राहून, स्वच्छ धुतलेले बोट रिकाम्या जागेवरून गालाच्या बाजूने फिरवून पाहिले, तर शेजारच्या दातांच्या तुलनेत तिथे खोलगट दबलेली जागा लागते. गेलेले हाड ते हेच.

याशिवाय पायोरिया, मुळाशी वर्षानुवर्षे साचलेला पू, अपघात, आणि सैल कवळीचा रोजचा दाब यांमुळेही हाड झिजते. वरच्या दाढांच्या जागी आणखी एक गोष्ट घडते : गालाच्या हाडामागची सायनसची पोकळी रिकाम्या जागेकडे खाली उतरते, आणि हाड खालून झिजत असतानाच वरूनही कमी होत जाते. तीन-चार मिलिमीटर हाड उरलेल्या वरच्या दाढेच्या जागा आम्हाला नेहमीच पाहायला मिळतात.

आता किती हाड लागते, ते पाहू. दाढेच्या जागी बसणारा नेहमीचा इम्प्लांट सुमारे चार मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला दीड ते दोन आणि आतल्या अंगाला किमान एक मिलिमीटर हाड राहायला हवे, म्हणजे एकूण रुंदी सातच्या आसपास हवी. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर, आणि खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर सोडावे लागते. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून या विद्येचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे : जिवंत हाड टायटॅनियमला थेट येऊन चिकटते. चिकटायला हाडच नसेल, तर कितीही महागडा स्क्रू तिथे टिकत नाही.

दात अजून काढलेला नसेल तर

सर्वांत स्वस्त आणि सोपे ग्राफ्ट दात काढण्याच्या दिवशीच होते, आणि नेमका तोच दिवस बहुतेकांच्या हातून निसटतो. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या माणसाला ती एकदाची निघाली की सुटल्यासारखे वाटते. तिच्या जागी पुढे काय बसवायचे, हा विचार त्या दिवशी त्याच्या मनात येत नाही. म्हणून दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून ठेवावे, की या जागी पुढे इम्प्लांट करण्याचा विचार आहे, तेव्हा दाताची रिकामी होणारी खोबण भरून ठेवणे योग्य होईल का. एवढ्या एका वाक्याने पुढची मोठी शस्त्रक्रिया कित्येकदा टळते.

त्या दिवशी होते ते असे. दात जोर लावून हलवत उपटण्याऐवजी पात्यासारख्या पातळ हत्याराने मुळाभोवतीचे तंतू कापून सैल केला जातो. दाढ असेल तर तिची दोन-तीन मुळे वेगळी करून एकेक काढतात. घाई केली तर बाहेरची पातळ भिंत दाताबरोबर मोडून येते, आणि मग वाचवायला काही उरत नाही. त्यानंतर खोबण खरवडून आतले पुवाचे व सडलेले मांस पूर्ण काढतात, सलाईनने धुतात, ग्राफ्टचे दाणे हाडाच्या कडेपर्यंत सैलसर भरतात, वर कोलॅजनचा (शरीरात विरघळणाऱ्या प्रथिनाचा) पडदा किंवा बुचासारखा तुकडा ठेवतात आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आडवातिडवा टाका घालतात. दाणे दाबून ठासून भरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, कारण दाण्यांच्या मधल्या फटींतूनच नव्या रक्तवाहिन्या शिरायच्या असतात.

यामुळे हाडाची घट पूर्ण थांबते, असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ती बरीच कमी होते, इतकेच. शिवाय प्रत्येक खोबण भरायची गरजही नसते. अक्कलदाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचा नसतो, त्यामुळे तिथे हा खर्च वाया जातो. भिंती चारही बाजूंनी जाड असतील आणि दीड-दोन महिन्यांत इम्प्लांट बसवायचे नक्की असेल, तर खोबण तशीच भरू देणेही चालते. पू फार असेल किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर आधी संसर्ग बरा होऊ देऊन, हिरडी मिटल्यावर सहा-आठ आठवड्यांनी ग्राफ्टचा विचार करणे अधिक शहाणपणाचे असते.

मोजमाप आणि चौकशी

पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, ज्याला आपण ओपीजी म्हणतो, तो उंचीचा अंदाज देतो. रुंदी मात्र त्यात दिसतच नाही. ग्राफ्टचा निर्णय सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवरच व्हायला हवा. स्कॅन झाल्यावर फक्त ‘हाड कमी आहे’ एवढे ऐकून उठू नये. त्या जागेचा आडवा छेद पडद्यावर दाखवायला सांगावा आणि रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी. त्या छेदात बाहेरची पांढरी शुभ्र रेघ म्हणजे कठीण हाड, आतला जाळीदार करडा भाग म्हणजे मऊ हाड, वरच्या जबड्यातला काळा भाग म्हणजे सायनस, आणि खालच्या जबड्यातले पांढऱ्या कडेचे छोटे काळे वर्तुळ म्हणजे नसेचा मार्ग. झिजलेले हाड छेदात वर निमुळते होत सुरीच्या पात्यासारखे दिसते. एकदा ते डोळ्यांनी पाहिले, की ग्राफ्टची गरज आहे की नाही हे रुग्णालाही बऱ्यापैकी कळते.

यानंतर येते शरीराची चौकशी, आणि इथे रुग्णाने काहीही हातचे राखू नये. मधुमेह असल्यास मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ताजी हवी. ती सातच्या आसपास असेल तर निश्चिंतपणे पुढे जाता येते, आठच्या वर असेल तर ही तातडीची शस्त्रक्रिया नसल्यामुळे ती पुढे ढकलणे बरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच काम करता येते, आणि त्याबाबतचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा असतो. हाडे ठिसूळ झाली म्हणून घेतलेल्या गोळ्या, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्ल, दर सहा महिन्यांनी घेतले जाणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन, यांचा उल्लेख करायला लोक विसरतात, कारण ते औषध गुडघ्या-कमरेसाठी होते, त्याचा दातांशी काय संबंध, असे त्यांना वाटते. संबंध फार जवळचा आहे : या औषधांमुळे जबड्याचे हाड शस्त्रक्रियेनंतर भरून न येता सडण्याचा धोका असतो. जबड्यावर पूर्वी रेडिएशन झाले असल्यासही तसाच धोका असतो.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे ठाम उत्तर देणाऱ्या एका बाईंच्या हिरडीवर काळसर राप होता. बोलता बोलता समजले, की त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण ते ‘दात घासणे’ होते, व्यसनात त्याची गणना नव्हती. तेव्हापासून मी मिश्री, मावा, गुटखा, विडी यांची नावे घेऊन वेगवेगळे विचारतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि नवे हाड तर सर्वस्वी त्यांच्यावरच अवलंबून असते. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी आणि दोन महिने नंतर हे सगळे पूर्ण बंद हवे. सुपारी आणि गुटख्याने तोंडाची त्वचा कडक होऊन जबडा उघडेनासा होतो, तो प्रकार आणखी गंभीर आहे. आपली तीन बोटे उभी एकावर एक ठेवून वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमध्ये जात नसतील, तर इम्प्लांटची चर्चा बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्यावी, कारण ती कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते.

भरायचे कशाने

ग्राफ्टचे दाणे डबीतून चिनी मातीच्या वाटीत ओतले की जाड रव्यासारखे दिसतात. ते स्वतः हाड होत नाहीत. वेलीसाठी मांडव घालावा तसा तो मांडव असतो. वेल म्हणजे नवे हाड, ते आजूबाजूच्या जिवंत हाडातून सरकत येऊन त्यावर चढते. मांडव कशाचा घालायचा, याचे चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय आपल्याच हाडाचा. अक्कलदाढेच्या मागून किंवा हनुवटीतून ते काढतात, किंवा खरवडणीसारख्या हत्याराने आजूबाजूचा कीस गोळा करतात. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सर्वांत लवकर रुजते. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि हे हाड लवकर झिजूनही जाते. हनुवटीतून काढल्यास खालचे पुढचे दात काही काळ बधिर वाटू शकतात. दुसरा पर्याय मानवी हाडाचा, म्हणजे दात्याकडून मिळालेल्या, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेल्या हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते, आणि तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड अनेक दंतवैद्य वापरतात. तिसरा पर्याय प्राण्यांच्या हाडाचा. त्यातले सर्व सेंद्रिय घटक काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो, आणि तो वर्षानुवर्षे न विरघळता टिकतो, म्हणून हाडाचा आकार राखायला तो उत्तम. चौथा पर्याय कारखान्यात तयार केलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा किंवा जैवकाचेचा, म्हणजे हाडाशी जुळून येणाऱ्या खास काचेचा. त्याचा गुण दरवेळी सारखा असतो, मात्र मोठ्या कामाला एकट्याने तो कमी पडतो.

तिसऱ्या पर्यायाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे बोलली जात नाही. हे दाणे बहुधा गाईचे असतात, आणि वरचे कोलॅजनचे पडदे गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेले असतात. शाकाहारी, जैन, हिंदू किंवा मुस्लिम कुटुंबातल्या रुग्णाला हे नंतर कळले, तर त्याला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे रास्तच आहे. डॉक्टरांनी हे आपणहून सांगायला हवे. ते सांगत नसतील तर ‘दाणे आणि पडदा कशापासून केलेले आहेत?’ असे सरळ विचारावे. स्वतःचे हाड, कृत्रिम दाणे, कृत्रिम पडदा आणि स्वतःच्याच रक्तातून काढलेला पीआरएफचा थर, एवढ्यावर पुष्कळ कामे होऊ शकतात. पीआरएफसाठी हातातून दोन-चार नळ्या रक्त काढून ते यंत्रात फिरवतात. वर पिवळसर, जेलीसारखा गोळा जमतो, तो दाबून त्याचा पडदा करतात किंवा कापून दाण्यांत मिसळतात. त्यामुळे हिरडी लवकर भरते आणि दुखणे कमी होते. त्याने हाडाचे डोंगर उभे राहतात, असा प्रचार मात्र खरा मानू नये.

व्यवहारात आम्ही बहुधा स्वतःचा कीस आणि टिकाऊ दाणे निम्मे-निम्मे मिसळतो. माझ्या मते कोणत्या कंपनीची डबी उघडली यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात : भरलेले दाणे महिनोन्महिने हलले नाहीत ना, आणि हिरडी त्यावर पूर्ण मिटून राहिली ना.

कुठले काम, कुठल्या कमतरतेला

रुंदी तीन-चार मिलिमीटरने कमी असेल तर हाडाच्या बाहेरच्या अंगाला दाणे रचून वर पडदा बसवतात; रोजच्या कामात हाच प्रकार सर्वाधिक होतो. हाड बऱ्यापैकी असेल आणि इम्प्लांट घट्ट बसत असूनही त्याच्या बाजूचे दोन-तीन आटेच उघडे राहत असतील, तर इम्प्लांट आणि ग्राफ्ट एकाच बैठकीत होतात. रुंदी फारच कमी असेल तर अक्कलदाढेच्या मागून हाडाची छोटी वीट काढून बारीक स्क्रूने ठोकतात.

वरच्या दाढांच्या जागी उंची कमी असेल तर सायनस वर उचलतात. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हाड असेल तर इम्प्लांटच्याच छिद्रातून तळ हलकेच वर ढकलता येतो. त्यापेक्षा कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी पाडावी लागते. सायनसचे अस्तर अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्याइतके नाजूक असते, आणि शिकताना आम्ही कच्च्या अंड्याचे कवच घासून, पापुद्रा न फाडता तो वेगळा करण्याचाच सराव करतो. तो फाटणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत नेहमीचा अपघात होय. लहान फाट कोलॅजनच्या तुकड्याने झाकता येते. मोठी असेल तर दाणे न भरता टाके घालून काही महिन्यांनी परत जाणे, हाच प्रामाणिक मार्ग असतो, मग रुग्ण कितीही नाराज होवो.

खालच्या मागच्या भागात उंची वाढवणे मात्र सर्वांत अवघड. तिथे खाली नस असते, वर हिरडी ताणत नाही, आणि अनुभवी हातांतही अपयश येते. अशा ठिकाणी ग्राफ्टचा हट्ट धरण्यापेक्षा सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट शक्य आहेत का, हे आधी विचारावे. सगळे दात गेलेल्या जबड्यात मागचे इम्प्लांट तिरपे घालून चारांवर पूर्ण पंगत उभी करता येते, आणि एखाददुसऱ्या दातासाठी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप घालून त्यांच्या आधाराने बसवलेला दात, हा जुना पर्याय आजही वाईट नाही, विशेषतः शेजारचे दात आधीच कॅप घालण्याजोगे असतील तर.

शस्त्रक्रियेचा दिवस

काम जागेवर भूल देऊन होते, त्यामुळे उपाशी येऊ नये. मधुमेह असलेल्यांनी तर नेहमीचा नाश्ता आणि औषध घेऊनच यावे. सोबत एक माणूस असावा. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर ती पुन्हा एकदा सांगावी, कारण आधी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बहुधा त्याच कुळातल्या असतात.

तोंड औषधी पाण्याने खळखळून झाल्यावर भूल दिली जाते, पीआरएफ करायचा असेल तर रक्त काढले जाते, आणि हिरडीला चीर देऊन ती हाडावरून सोलून बाजूला धरली जाते. हाडावरचे सर्व मांसल तंतू साफ केले जातात. मग बारीक ड्रिलने कठीण हाडाला पाच-सहा छिद्रे पाडतात, आणि त्यांतून रक्ताचे थेंब येऊ लागले की आम्हाला बरे वाटते, कारण वेलीचे मूळ तिथे आहे. रक्तात भिजवलेले दाणे रचून पडदा आत खोचतात आणि तो हलू नये म्हणून टाचणीएवढ्या टायटॅनियमच्या खिळ्यांनी पक्का करतात.

यापुढची पायरी रुग्णाला दिसत नाही, पण निकाल तिच्यावरच ठरतो. दाणे भरल्यामुळे जागा फुगलेली असते आणि तीच हिरडी आता तिला पुरत नाही. म्हणून हिरडीच्या आतल्या अंगाने तिचे कडक अस्तर हलकेच कापून ती सैल करावी लागते, इतकी की दोन्ही कडा टाके न घालताही एकमेकींवर येऊन बसतील. ताणून शिवलेली हिरडी आठवडाभरात उसवते, आणि उघडा पडलेला पडदा म्हणजे जंतूंना मोकळे दार. या सगळ्याला एक ते दीड तास लागतो. त्यातला निम्मा वेळ या सैल करण्यात आणि शिवण्यात गेला, तर तो वाया गेला असे समजू नये.

घरी गेल्यावर

पहिले चोवीस तास थुंकू नये, चूळ जोरात भरू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. लाळेत थोडे गुलाबी रक्त येतेच; ते थुंकत बसण्यापेक्षा गिळावे. गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून वीस मिनिटे ठेवावा, वीस मिनिटे काढावा. घरातली वडीलधारी माणसे मिठाच्या पुरचुंडीने गरम शेक द्यायला सांगतात. पहिल्या दोन दिवसांत तो अजिबात देऊ नये, लवंगेचे तेलही लावू नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते, आणि खालच्या कामात गालावर निळसर-पिवळा डाग गळ्यापर्यंत ओघळू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. झोपताना दोन उशा घ्याव्यात.

खाण्याला पहिला आठवडा गुरगुट्या भात, वरण, मुगाची खिचडी, तांदळाची उकड, शिरा, दही-भात, नाचणीची पेज कोमट करून द्यावी. चिवडा, शेंगदाणे, पापड, कडक भाकरी आणि डाळिंबाचे दाणे किमान तीन आठवडे त्या बाजूला नकोत. तीळ-खसखसही टाक्यांत अडकते. दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधी पाण्याने दिवसातून दोनदा तोंड भरून, न खळखळता, मान वाकवून ते ओघळू द्यावे. हे साधारण दोन आठवडे करायचे. त्यावर लगेच चहा घेतला तर दात तपकिरी होतात. शस्त्रक्रियेच्या जागी ब्रश लावू नये, बाकीचे दात मात्र नेहमीसारखे घासावेत. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

सायनसचे काम झालेल्यांनी दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी. या काळात जलनेती, कपालभाती आणि भस्त्रिका बंद. आरतीला शंख फुंकण्याचा मान त्या वर्षापुरता दुसऱ्या कुणाला द्यावा, आणि विमानप्रवास निदान दोन आठवडे टाळावा.

ज्यांना जुनी काढती कवळी आहे त्यांनी ती डॉक्टरांनी आतून घासून मोकळी करून दिल्याशिवाय घालूच नये. लग्नकार्य आहे म्हणून दोन तास घातलेल्या कवळीने चार आठवड्यांचे ग्राफ्ट दाबून सपाट केल्याचे मी पाहिले आहे. तोंडात एखाद-दोन दाणे आले तर हरकत नाही. पण ओंजळीत घेण्याइतके येऊ लागले, चौथ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पू, दुर्गंधी किंवा ताप आला, पाणी पिताना ते नाकातून उतरले, अथवा भूल उतरून कित्येक तास झाल्यावरही ओठ बधिर राहिला, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. पांढरट पडदा हिरडीतून डोकावू लागला तर तो जिभेने किंवा नखाने उकरू नये. तो स्वच्छ ठेवला तर पुष्कळदा काम वाचते.

थांबण्याचे महिने

खोबण भरली असेल तर तीन ते सहा महिने, बाजूने रुंदी वाढवली असेल किंवा वीट ठोकली असेल तर चार ते सहा, काही वेळा त्याहून जास्त, आणि सायनस उचलला असेल तर सहा ते नऊ महिने. बाहेरून हिरडी तीन आठवड्यांतच अशी छान दिसू लागते, की रुग्णाला आणि कधी कधी डॉक्टरांनाही पुढची वाट पाहणे निरर्थक वाटते. परदेशातून महिनाभराच्या सुट्टीवर पुण्या-मुंबईला येणारी मंडळी ‘याच फेरीत सगळे उरका’ म्हणतात, तेव्हा त्यांना दोन फेऱ्यांची आखणी करून देणे हेच योग्य : पहिल्या फेरीत ग्राफ्ट, पुढच्या वर्षीच्या फेरीत इम्प्लांट, आणि कॅप त्यानंतर.

खर्चाचा अंदाज लेखी आणि फोडून घ्यावा. दाणे किती ग्रॅमचे, पडदा, खिळे, पीआरएफ आणि दुसरा स्कॅन धरला आहे की नाही, आणि ग्राफ्ट रुजले नाही तर पुन्हा करण्याचे पैसे कोण देणार, हे आधीच विचारलेले बरे. आरोग्य विम्यात दातांची कामे बहुधा बसत नाहीत. अपघातात जबडा मोडला असेल तर पॉलिसी नीट वाचावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खासगीपेक्षा कमी खर्चात काम होऊ शकते, मात्र तिथे फेऱ्या जास्त माराव्या लागतात. दाण्यांच्या डबीवर आणि पडद्याच्या पाकिटावर उत्पादनाच्या खेपेचा (लॉट) क्रमांक असलेले चिकटपत्र असते. ते आपल्या फाइलमध्ये लावून मागावे, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरलाही आत काय आहे ते कळेल.

मुदत भरल्यावर पुन्हा सीबीसीटी काढून जुन्या छेदाशेजारी नवा ठेवून पाहावा. काही वेळा दाणे रुजलेले नसतात. हिरडी उघडल्यावर ते मऊ मांसात सैल अडकलेले, हत्याराने सहज निघून येणारे आढळतात. तेव्हा ते साफ करून पुन्हा करणे किंवा वेगळा मार्ग धरणे, हेच दोन पर्याय असतात. रुजले असेल तर इम्प्लांटच्या दिवशी ड्रिलला पहिल्याच फेरीत घट्ट विरोध लागतो, त्याच्या खाचांत गुलाबी-पांढरा, रक्ताने ओला कीस येतो, आणि त्यात क्वचित एखादा जुना दाणा हाडात बुजलेला दिसतो. त्यानंतर स्क्रू हाताच्या पान्याने आवळताना, किती जोर लागतो ते दाखवणारा पान्याचा काटा तीस-पस्तीसच्या आकड्यापाशी थांबतो, आणि कॅपसाठी आणखी तीन-चार महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली जाते.